त्रेचाळीस वायरी, वरीलप्रमाणे

"दोन दिवसांचं काम आहे," असं वायरमन म्हणाला तेव्हा महिन्याची पाच तारीख होती. आवकजावकांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाचच्या चौकोनात 'दोन दिवसांचं' आणि सहाच्या चौकोनात 'काम' असं लिहून ठेवलं. चौकोन लहान होते आणि माणूस नेमका होता.

आवकजावक हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीखात्याच्या कचेरीत आवक-जावक टेबलावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. येणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर, जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर, आणि मधल्या काळात तो कागद कुठे आहे असं कोणी विचारलंच तर 'नोंद आहे' हे उत्तर. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की इस्त्रीचे कपडे घरी आले तरी ते मोजून, तपासून, सही करून घेत. सोसायटीत मागून त्यांना सगळे आवकजावक म्हणत आणि तोंडावर साहेब म्हणत. त्यांना दोन्ही माहीत होतं. पहिल्याचा त्यांना राग नव्हता आणि दुसऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

काम होतं गाडीचं, पण गाडी त्यांची नव्हती. गाडी सासूबाईंची. गोल पाठीची, गोल डोळ्यांची, एकेकाळी पांढरी आणि आता दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाची. सासूबाई म्हणजे निवृत्त नर्स, आणि साऱ्या गावाच्या सिस्टर. एकतीस वर्षं त्या याच गाडीतून बाळंतिणींच्या घरी वेळी-अवेळी गेल्या होत्या. गाडी गुणी होती, पण तिला एक खोड होती. तिच्यात डायनामो होता, जुन्या काळचा. इंजिन जोरात फिरलं तर त्याला वीज करायचा उत्साह येई. गाडी कुठे थांबली की तोही हातपाय गाळून बसे. मग दिवे पिवळे होत, पिवळ्याचे तांबडे होत, आणि पुढचा रस्ता सिस्टरना आठवणीनेच चालवावा लागे.

त्या महिन्याच्या सुरुवातीला सिस्टर मटार सोलत बसल्या होत्या. सोलता सोलता, कोणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "माझं लायसन या तीस तारखेला संपतंय. आता काही मी ते पुन्हा करायची नाही. सत्तरी उलटून चार वर्षं झाली, पुरे झालं. पण एकतीस वर्षं मी त्या गाडीत चाचपडत गेले. एकदा, एकदाच, भरपूर उजेडात चालवून बघायची होती."

गाडीचे कागदही त्याच तीस तारखेला संपत होते. दोघींनी आपसात ठरवून घेतल्यासारखं.

"माझ्यावर सोडा," आवकजावक म्हणाले.

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. याआधी 'माझ्यावर सोडा' हे शब्द त्यांनी न्हाणीघरातल्या नळाच्या बाबतीत उच्चारले होते. त्या नळाच्या गळतीची आज चार वर्षांची तारीखवार नोंद घरात उपलब्ध आहे. नळ गळतोच आहे.

पण या वेळी गोष्ट वेगळी होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी सासूबाई त्यांना 'जावईबापू' म्हणत, आणि ते अशा आदराने म्हणत की जणू पाहुणे आहेत, चहा घेऊन जातील. हा आदर आवकजावकांना फार लागत असे. आयुष्यात एकदा तरी या बाईने आपल्याकडे बघून 'माणूस कामाचा आहे' असं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आता त्यासाठी पंचवीस दिवस उरले होते आणि काम दोन दिवसांचं होतं.

वायरमनने योजना समजावली. डायनामो काढायचा आणि अल्टरनेटर बसवायचा. हा प्राणी गाडी उभी असतानाही इमानदारीने वीज करतो. पण त्याची वीज जास्त, आणि गाडीतल्या वायरी पन्नास वर्षांपूर्वीच्या, वरून कापड गुंडाळलेल्या. त्या जळतील. म्हणून वायरिंगही सगळं नवं.

हे बोलणं सोसायटीच्या आवारात, शेडखाली चाललं होतं. आवारात बोललेली गोष्ट खाजगी राहत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे क्लासवाले सर, जे मुलांना पदार्थविज्ञान शिकवत, लगेच खाली आले. "समजून घ्यायचं असेल तर आपण इलेक्ट्रॉनपासून सुरुवात करू," ते म्हणाले. पाठोपाठ समोरच्या घरातले जीपवाले काका आले. काकांकडे तरुणपणी आठ महिने एक जीप होती आणि त्या आठ महिन्यांवर ते गेली चाळीस वर्षं सल्ले देत होते.

"अल्टरनेटर वगैरे काही नको," काका म्हणाले. "माझ्या जीपला मी मोठी बॅटरी टाकली होती."

"मग दिवे राहिले का?"

"जीपच राहिली नाही," काका म्हणाले, आणि आकाशाकडे बघत उभे राहिले.

वायरमनने पक्कड काढली आणि पहिली वायर कापायला घेतली.

"थांबा!" आवकजावक ओरडले. "नोंद?"

वायरमनने पक्कड तशीच हवेत धरली. आवकजावक वर गेले आणि एक कोरं रजिस्टर, पुठ्ठ्याचे तुकडे, सुतळी, बायकोची शिवणाची टेप आणि खुद्द बायको, एवढं घेऊन खाली आले. रजिस्टरमध्ये रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, रंग, लांबी, स्थिती, कोठून, कोठे, शेरा. त्यानंतर कोणतीही वायर नंबर मिळाल्याशिवाय गाडीतून बाहेर पडली नाही. वायरमन काढी, बायको मापी, आवकजावक लिहीत. "लांबी?" "एकोणतीस इंच." "रंग?" "लाल असावा." "असावा चालणार नाही." "मग 'पूर्वी लाल' लिहा." या कामाला चार दिवस लागले. त्रेचाळीस वायरींच्या त्रेचाळीस नोंदी झाल्या, खाडाखोड एक नाही, आणि प्रत्येक पानाखाली सही.

"साहेब," वायरमन भारावून म्हणाला, "एवढी वर्षं धंद्यात आहे, पण असं गिऱ्हाईक बघितलं नाही. मी तर चित्रही काढून ठेवणार होतो, कुठली वायर कुठे जाते त्याचं. पण तुम्ही आहात म्हटल्यावर चित्र कशाला?"

आवकजावकांनी मंद हसून रजिस्टर मिटलं. बावीस वर्षांत इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं. सिस्टर वरच्या खिडकीतून हे सगळं बघत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "गाडी रिकामी झाली. आता भरणार कधी?"

भरण्याआधी अल्टरनेटर बसायला हवा होता. तो बसेना. डायनामो लांबट आणि सडपातळ, हा आखूड आणि पोट सुटलेला. त्याला धरायला लोखंडाचा नवा ब्रॅकेट करावा लागणार होता, म्हणून लेथवाला आला. म्हणजे तो आला नाही, आवकजावकच त्याच्याकडे गेले, सहा वेळा. लेथवाला मोजपट्टी वापरत नसे. तो अंगठा आणि करंगळी ताणून वीत लावी आणि मान हलवी. आवकजावकांनी मिलिमीटरमध्ये काढलेलं माप पुढे केलं तेव्हा त्याने ते आदराने घेतलं आणि त्यात बोल्ट गुंडाळले. पहिला ब्रॅकेट उलट्या बाजूचा निघाला. दुसरा बरोबर बाजूचा, पण त्यात अल्टरनेटर असा बसला की त्याचा पट्टा फिरताना पंख्याला टाळी देई. तिसरा बसला तेव्हा पंधरा तारीख होती. कॅलेंडरवरचं 'दोन दिवसांचं काम' आता वाचताना उपरोधिक वाटू लागलं होतं, म्हणून बायकोने त्यावर गॅसची तारीख लिहून टाकली.

इथे आवकजावकांकडून एक गोष्ट घडली जी जगात दुसऱ्या कोणाकडून घडली नसती. त्यांना वाटलं, वाहन कचेरीला कळवायला हवं.

"साहेब, हे कोणी कळवत नाही," वायरमन काकुळतीला येऊन म्हणाला. "वर्षाला वीस गाड्या करतो मी. नुसती फी भरायची, कागद वाढवून आणायचे, झालं."

"गाडीत बदल झालेला आहे," आवकजावक म्हणाले. "बदल झाला की कळवावं लागतं."

सोळा तारखेला अर्धी रजा टाकून ते वाहन कचेरीत गेले. आयुष्यात प्रथमच ते खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभे होते. आत एक बाई होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय बदललंय?"

"डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवतोय. कळवावं म्हटलं."

"इंजिन बदललं?"

"नाही."

"रंग?"

"नाही."

"मालक?"

"मालक सासूबाई आहेत. त्या बदलणार नाहीत."

आता बाईंनी मान वर केली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग आलात कशाला?"

"कळवायला."

"अहो, कळवलं नसतंत तर काही नव्हतं. आता कळवलंत. आता मला हे घ्यावं लागणार, वर पाठवावं लागणार, आणि वरून तपासणी येणार. पूर्ण. दिवे, हॉर्न, ब्रेक, सगळी. एकोणतीसला अकरा वाजता गाडी घेऊन या." बाईंनी अर्जावर शिक्का मारला. आवकजावकांनी तो व्यावसायिक नजरेने बघितला आणि न राहवून म्हणाले, "शिक्क्यावर कालची तारीख आहे."

खिडकी बंद झाली. जेवणाची वेळ व्हायला अजून वीस मिनिटं होती, हे त्यांनी घड्याळात बघून ठेवलं.

घरी येऊन त्यांनी तपासणीचं सांगितलं. बायकोने कपाळाला हात लावला. सिस्टर म्हणाल्या, "आम्ही नर्सिंगला होतो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं तेवढंच सांगायचो." एवढं बोलून त्या फिरायला निघून गेल्या.

एकोणीस तारखेला बॅटरी जोडायची वेळ आली, आणि आवारात दोन पक्ष पडले. जुन्या गाडीत बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं होतं. त्या काळी तशी पद्धत होती. अल्टरनेटरला मात्र पत्र्याला मायनस लागतं. वायरमन म्हणाला, मायनस. जीपवाले काका म्हणाले, माझ्या जीपला प्लस होतं. क्लासवाले सर म्हणाले, विद्युतप्रवाह आपण मानतो त्याच्या उलट दिशेने वाहत असतो, त्यामुळे मुळात प्लस म्हणजे काय हाच प्रश्न आहे. तळमजल्यावरच्या काकू गाडीत कधी बसल्याही नव्हत्या, पण त्याही प्लसकडून होत्या, कारण ते ऐकायला चांगलं वाटतं.

निर्णय आवकजावकांवर आला. त्यांनी रजिस्टर उघडलं. नोंद क्रमांक एक: बॅटरी, प्लस, पत्र्याला.

"मूळ नोंदीप्रमाणे करा," ते म्हणाले.

"साहेब, ऐका माझं."

"मूळ नोंदीप्रमाणे!"

वायरमनने बॅटरी मूळ नोंदीप्रमाणे जोडली आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. अल्टरनेटरने 'फुस्स' असा एक छोटा, हताश आवाज केला. मग त्याच्यातून बारीक पांढरा धूर निघाला आणि क्लासवाल्या सरांच्या चष्म्यावर जाऊन बसला. नवा कोरा अल्टरनेटर एक मिनिटही न जगता गेला. काकूंनी पक्ष बदलल्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं.

आवकजावकांनी रजिस्टर मिटलं. त्यांचे कान लाल झाले होते. सिस्टर खाली आल्या, त्यांनी धुराचा वास घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, पेशंट बदलला की जुना केसपेपर बाजूला ठेवायचा असतो." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री आवकजावक दोन पोळ्या कमी जेवले, आणि बायकोने त्या न बोलता उद्याच्या डब्यात भरल्या.

दुसरा अल्टरनेटर बावीसला आला. मायनस पत्र्याला जोडलं, तात्पुरत्या वायरीवर इंजिन सुरू झालं, मीटरचा काटा हलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता फक्त नव्या वायरी जुन्यांच्या जागी घालायच्या होत्या. वायरमनने बाह्या सरसावल्या, डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झाला आणि खालून हाक दिली, "साहेब, सुरू करा. नोंद दोन. कुठून कुठे?"

आवकजावकांनी घसा साफ केला. "अनुक्रमांक दोन. रंग पूर्वी लाल. लांबी एकोणतीस इंच. स्थिती जीर्ण. कोठून: डॅशबोर्डमागून. कोठे: इंजिनाकडे."

"बरं. तीन?"

"अनुक्रमांक तीन. रंग काळा. लांबी चौतीस. कोठून: वरीलप्रमाणे. कोठे: वरीलप्रमाणे."

डॅशबोर्डखाली पक्कड खाली ठेवल्याचा आवाज झाला. "चार?"

"वरीलप्रमाणे."

"पाच?"

आवकजावकांनी पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. मग शेवटपर्यंत उलटलं. टपोऱ्या, सुंदर अक्षरात सगळीकडे वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. कचेरीत एकाच खात्यातून चाळीस पत्रं आली की असंच लिहायचं असतं. हात आपोआप लिहितो. प्रत्येक वायर खरोखरच डॅशबोर्डमागून निघाली होती आणि इंजिनाकडे गेली होती, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्यातली कोणती हॉर्नची आणि कोणती दिव्याची, हे जगात आता कोणालाच ठाऊक नव्हतं.

वायरमन हळूहळू बाहेर आला. त्याने रजिस्टर हातात घेतलं, पानं चाळली आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्यालाही ठरवता येत नसावं. "साहेब," तो शेवटी म्हणाला, "अक्षर मात्र छान आहे."

पुढचे पाच दिवस त्याने अंदाजपंचे काम केलं. माणूस हुशार होता; दिवे लागले, ब्रेक दाबला की मागे लाल उजेड पडला, उजवा इशारा उजवीकडेच झाला. सत्तावीसला डॅशबोर्ड बंद केला, अठ्ठावीसला संध्याकाळी सिस्टरना गाडीत बसवलं. त्यांनी सवयीने हॉर्नचं बटण दाबलं.

वायपर फिरले.

त्यांनी वायपरची खुंटी ओढली. डावा इशारा लुकलुकायला लागला. त्यांनी इशाऱ्याची दांडी डावीकडे केली, आणि हॉर्न असा दणदणीत वाजला की जीपवाले काका चहाच्या कपासकट गॅलरीत आले.

"तीन वायरी एकमेकींच्या जागी गेल्या," वायरमन मान खाली घालून म्हणाला. "डॅशबोर्ड पुन्हा खोलायचा म्हणजे दोन दिवसांचं..."

"बोलू नका!" बायको ओरडली.

तपासणी उद्या अकराला होती. आवकजावक शेडमधल्या उलट्या बादलीवर बसले. सगळं त्यांच्यामुळे झालं होतं. नोंद त्यांची, कळवणं त्यांचं, वरीलप्रमाणे त्यांचं. एका म्हाताऱ्या बाईने बावीस वर्षांत एक गोष्ट मागितली होती, आणि तिची गाडी ते तपासणीआधीच नापास करून बसले होते. त्यांना खरोखरच रडू येत होतं.

तेवढ्यात त्यांना एक आवाज ऐकू आला. सिस्टर गाडीत बसून हसत होत्या. साध्यासुध्या नाही, स्टिअरिंगवर डोकं टेकवून, खांदे हलवून, डोळे पुसत हसत होत्या. बटण दाबत, वायपर बघत, पुन्हा हसत. "हॉर्नला दांडी, वायपरला बटण, डाव्याला खुंटी," त्या म्हणाल्या. "एवढंच ना? अहो, चाळीस खाटांची औषधं पाठ असायची मला. उद्या मीच नेते गाडी." तसंही दुसरं कोणी नेणार नव्हतं, आवकजावकांकडे लायसन स्कूटरचं होतं. त्या संध्याकाळी जेवणापर्यंत सोसायटीच्या आवारातून दर मिनिटाला एक हॉर्न, एक वायपर, एक डावा दिवा असा सराव चालला होता, आणि क्लासवाल्या सरांचा वर्ग खिडकीत येऊन आज्ञा देत होता.

दुसऱ्या दिवशी अकराला गाडी तपासणीच्या मैदानात उभी राहिली. तपासनीस साहेब तरुण होते, हातात फळी, फळीवर कागद. सिस्टरनी काच खाली करून आधी त्यांनाच तपासलं. "तुमचा जन्म कुठला हो?" अशा वेळी गोष्टींमध्ये तो साहेब याच बाईंच्या हातावर जन्मलेला निघतो आणि सगळं मार्गी लागतं. हे साहेब दुसऱ्या गावी जन्मले होते, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं.

"हॉर्न," ते म्हणाले. सिस्टरनी दांडी डावीकडे केली. हॉर्न वाजला.

"वायपर." बटण दाबलं. फिरले.

"डावा. उजवा. ब्रेक. मोठे दिवे." एकही चूक नाही. साहेबांनी प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. आवकजावक बाजूला उभे राहून खुणा मोजत होते.

"छान ठेवलीय गाडी," साहेब म्हणाले. "जरा एक फेरी मारून बघतो."

सिस्टर उतरल्या. साहेब बसले. गाडी मैदानात निघाली. वाटेत कचेरीचा शिपाई चहाचा ट्रे घेऊन चालला होता. साहेबांनी त्याला बाजूला करायला हॉर्नचं बटण दाबलं. भर उन्हात वायपर फिरले. शिपायाने ते नमस्कारासारखं काहीतरी समजून हात वर केला. साहेबांनी गडबडून डावीकडे वळायला दांडी ओढली. कानठळ्या बसवणारा हॉर्न वाजला आणि ट्रेमधले पाच चहा जमिनीला मिळाले. गाडी परत आली. साहेब उतरले. त्यांनी फळीवरचा कागद बघितला, गाडी बघितली, मग या दोघांकडे बघितलं.

"हे काय आहे?"

सिस्टर काही बोलायच्या आत आवकजावक पुढे झाले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "वायरमनची नाही, यांची तर नाहीच. मी त्रेचाळीस नोंदी केल्या आणि एकही उपयोगाची केली नाही. सव्वीस वर्षं नोकरी झाली, माझ्या नोंदीत चूक निघाली नव्हती. आता निघाली. पण साहेब, यांना एकदा चांगल्या उजेडात गाडी चालवायचीय. यांचं लायसन उद्या संपतंय."

एवढं लांब, एवढं सरळ ते सासूबाईंसमोर कधीच बोलले नव्हते. सिस्टरनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

साहेबांनी फळी काखेत मारली. "आजी, बसा गाडीत," ते म्हणाले. आणि त्यांनी भराभर सुरू केलं, "वायपर! हॉर्न! डावा! हॉर्न! उजवा! वायपर! डावा! डावा! हॉर्न!" सिस्टरचे हात असे चालले की बघत राहावं. साहेबांचा चेहरा आधी कडक होता, मग ओठ थरथरायला लागले, आणि शेवटच्या हॉर्नला ते फळीमागे तोंड लपवून खदखदून हसले. खिडकीतल्या बाईही बाहेर येऊन उभ्या होत्या. साहेबांनी डोळे पुसले आणि कागदावर लिहिलं: 'पास. पंधरा दिवसांत बटणे जागच्या जागी करून दाखवावीत. तोपर्यंत वाहन फक्त आजींनीच चालवावे.' खाली सही, शिक्का. शिक्क्यावर आजचीच तारीख होती.

त्याच संध्याकाळी, उजेड सरता सरता, सिस्टरनी गाडी बाहेर काढली. शेजारी आवकजावक, मागे बायको. मोठे दिवे लावले आणि समोरचा रस्ता पार टोकापर्यंत उघडा पडला: झाडांचे बुंधे, कुंपणं, फाटकावर बसलेलं मांजर, सगळं. जुन्या दवाखान्याच्या रस्त्याला लागताच सिस्टर ओरडल्या, "अगं बाई! एवढे खड्डे आहेत होय इथे?"

"आई, पहिल्यापासूनच आहेत," मागून बायको म्हणाली.

"मला वाटायचं, गाडीच तशी चालते."

चौकात गाडी थांबली. सिस्टरनी स्टिअरिंगवरचे हात सैल केले आणि समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षांच्या सवयीने त्या वाट बघत होत्या, आता पिवळा होईल, आता तांबडा होईल. उजेड पांढराच राहिला. चौक मोकळा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. सिस्टर हलल्या नाहीत.

"जात नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "बघा ना, जात नाहीत." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "इथे थांबले की दिवे जायचे. पुढे कोण वाट बघत असेल, आणि मला रस्ताच दिसायचा नाही. जावईबापू, हे तुम्ही केलंत."

आवकजावकांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला.

मागच्या हॉर्नना सिस्टरनी दांडी डावीकडे करून सणसणीत उत्तर दिलं आणि गाडी पुढे काढली. पुढचं वळण त्यांनी सफाईने घेतलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "उद्या सकाळी त्या कचेरीत जाऊन येता का? लायसन वाढवायचा अर्ज आणा माझ्यासाठी."

आवकजावकांना ती बंद झालेली खिडकी आठवली, आणि तरीही त्यांना इतका आनंद झाला की गाडीतून उतरून धावत सुटावंसं वाटलं.

"एका वर्षाचा?" त्यांनी विचारलं.

"एका वर्षाने काय होतंय?" सिस्टर म्हणाल्या. "पाच वर्षांचा मिळतो का बघा."